फुटले ते स्फोटक

आबकारी खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाने संध्याकाळी काय प्यावे, याबद्दल सरकारी नियमांत एक अक्षरही नाही. धुळ्याच्या अभिमननाना पाटलांना ही उणीव निवृत्तीनंतर लगेचच जाणवली.

नोकरीत असताना हा प्रश्न कधी आला नव्हता. पश्चिम खानदेशात नानांनी मोहाच्या दारूची इतकी मडकी फोडली होती, की कुंभार त्यांना येता-जाता नमस्कार करीत. मात्र मडके फोडण्याआधी आत दारूच आहे याची खात्री करणे भाग होते, आणि नाना ही जबाबदारी नुसत्या नाकावर टाकत नसत. "वासावर विसंबून गरिबाला तुरुंगात धाडणं पाप आहे," असे म्हणून ते पेला मागवीत. गुन्हा मोठा असला तर खात्रीही मोठी करावी लागे. अशा रीतीने साऱ्या नोकरीत त्यांनी दारू म्हणून एक थेंबही घेतला नाही. जे घेतले ते पुरावा म्हणून. शहरातल्या मद्यपाननिषेध मंडळाने त्यांना एकमताने अध्यक्ष केले, ते काही उगीच नव्हे.

अध्यक्ष झाले आणि खात्री करणे बंद पडले. दिवेलागणीला नानांचा उजवा हात आपोआप उचलला जाई आणि तसाच रिकामा खाली येई. वैद्यांनी नाडी पाहून वाताचे निदान केले.

"वात नही, सवय शे," नानांच्या पत्नी भिकुबाई आतून म्हणाल्या. त्या वैद्यकी शिकल्या नव्हत्या, पण नानांबरोबर संसार केला होता.

गुत्त्यावर जाणे अध्यक्षांना शोभले नसते. घरी मागवणे त्याहून वाईट. अशा अडचणीत नानांना त्यांच्या जुन्या वॉल्टन साहेबाची आठवण झाली. एकदा साहेबाने बंगल्यावर त्यांना एका उंच पेल्यातून सोनेरी, किंचित फसफसणारे काहीतरी पाजले होते. नाना बिचकले, तेव्हा साहेब हसून म्हणाला होता, "घे पाटील, ही दारू नव्हे. ही सायडर. सफरचंदाचा रस. आमच्याकडे देवळातून आल्यावर आजीबाई पितात."

साहेब दारू नव्हे म्हणाला, म्हणजे नव्हे. बाकीची चौकशी नानांना अनावश्यक वाटली. पहिल्या पेल्यानंतर ती साहेबालाही अनावश्यक वाटली असावी, कारण त्याने सायडर घरी कशी करतात हे नानांना फार प्रेमाने आणि बरेच विस्कळीत सांगितले होते.

अडचण सफरचंदांची होती. धुळ्यात सफरचंद दिसे ते एखाद्या धनिक रोग्याच्या उशाशी, आणि तेही कुणी मुंबईहून आणले तर. पण बत्तीस सालच्या त्या हिवाळ्यात पांझरेच्या काठी बोरी नुसत्या लदबदल्या होत्या. नानांनी विचार केला. बोर गोल असते, लाल असते, गोड असते. बोर म्हणजे खानदेशचे सफरचंदच. फक्त परिस्थितीमुळे लहान राहिलेले.

पहिला प्रयोग मडक्यात झाला. बोरे उकळली, कांडली, गूळ घातला, पाववाल्याकडून "धिरड्यांसाठी" म्हणून खमीर आणले. मडके न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवले. रस मडक्यातून पाझरला, आणि मुंग्यांना ही वार्ता शेजाऱ्यांच्या आधी लागली. दोन-चार दिवसांत न्हाणीघराकडे जाणाऱ्या मुंग्यांची रांग सरळ होती आणि परतणाऱ्यांची वाकडी. मडक्यावरचा नानांचा विश्वास उडाला. जन्मभर ते फोडताना त्यांनी ते किती कच्चे भांडे आहे हे पाहिलेच होते.

दुसऱ्या प्रयोगासाठी त्यांनी भिकुबाईंची चिनीमातीची बरणी उचलली.

"हाई मनी लोणचानी बरणी शे!" भिकुबाई आडव्या आल्या.

"औषध करायचंय."

"कसानं औषध?"

"वाताचं."

भिकुबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि बरणी सोडली. "कैऱ्या येवाना आत माले परत पाह्यजे," एवढे मात्र त्यांनी बजावले.

साहेबाने सांगितलेली सर्वांत नाजूक बाब म्हणजे आतला वायू बाहेर गेला पाहिजे, पण बाहेरची हवा आत येता कामा नये. हे तत्त्व नानांना चटकन कळले. खात्याचा कारभार याच तत्त्वावर चाले. हुकूम बाहेर जात, तक्रारी आत येत नसत. त्यांनी सुताराकडून लाकडाचे जाड बूच करून घेतले, त्याला मधोमध भोक पाडले आणि त्यात रबराची नळी बसवली. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या तांब्यात बुडवले. नळी कुठून आणली हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. पण घरातल्या एनिमाच्या डब्याला ती त्या दिवसापासून नव्हती.

यंत्र चालू झाले. तांब्यात बुडबुडे येऊ लागले. पहिला रस निवळला तो नानांनी सोड्याच्या गोळीवाल्या बाटल्यांत भरला, चाखला, आणि डोळे मिटून वॉल्टन साहेबाच्या आजीला मनोमन नमस्कार केला. मग बरणी पुन्हा काठोकाठ भरली, बूच ठोकून बसवले आणि वरून तारेने आवळले. या खेपेस रस नीट गाळायचा राहिला. बोराचे एक साल नळीत शिरले आणि तिथेच अडकले. बुडबुडे थांबले, तेव्हा नानांना वाटले की आत सारे शांत झाले. त्याच सुमारास सरकारलाही देशाबद्दल असेच वाटत होते.

त्या संध्याकाळी नानांच्या ओसरीवर मद्यपाननिषेध मंडळाची बैठक होती. बरणी भिंतीपलीकडच्या खोलीत होती आणि मधले दार उघडे होते. मंडळाचे चिटणीस रुपचंद वकील ठराव वाचत होते. "ही सभा अशी घोषणा करते की, दारूचा राक्षस या शहरात..." एवढे ते म्हणाले, आणि राक्षसाने उत्तर दिले.

आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री घरात शिरली आणि घरातली माणसे गल्लीत आली. बूच दारातून सुसाट आले, रुपचंद वकिलांच्या पागोट्यावरून गेले आणि समोरच्या भिंतीवरल्या बादशहांच्या तसबिरीवर नेमके नाकावर बसले. काच खळकन खाली आली. बरणीचे दोन तुकडे झाले होते. सभासद "बॉम्ब! बॉम्ब!" असे ओरडत जोडे सोडून पळाले. आपल्या अध्यक्षांच्या घरात दारू फुटली असेल ही शंका एकाच्याही मनाला शिवली नाही, एवढा त्यांचा नानांवर विश्वास होता.

भिकुबाई माजघरातून आल्या. भिंतीवरून लाल रस ओघळत होता. त्यांनी तो पाहिला, नवरा हातापायांनी धड आहे हे पाहिले, आणि मग तुकड्यांपाशी खाली बसल्या. "आते लोणचं कसामां घालू?" त्या म्हणाल्या. या साऱ्या प्रकरणात विचारला गेलेला एवढाच प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर अखेरपर्यंत कुणी दिले नाही.

दिवस कायदेभंगाचे होते. तोताराम फौजदार शिपायांसह धावतच आले. त्यांनी प्रथम बादशहांचे नाक पाहिले व ते गंभीर झाले. मग भिंत पाहिली. मातीच्या गिलाव्यात बारीक, टणक, गोल काहीतरी रुतले होते.

"हे छर्रे कसले?"

"बोराच्या बिया आहेत, फौजदारसाहेब," नाना म्हणाले.

"म्हणजे देशी बनावटीचे," फौजदारांनी शिपायाला लिहायला सांगितले. "आणि ही रबरी नळी?"

नाना गप्प राहिले. काही प्रश्नांना फाशीच्या भीतीनेही उत्तर देववत नाही. फौजदारांनी ते मौन सूचक असल्याचे नोंदवले.

तेवढ्यात एक शिपाई न्हाणीघरातून गोळीच्या बाटल्या घेऊन आला. काळे पाणी की बेअब्रू, असा सरळ हिशेब त्यांच्यापुढे होता. त्यांनी हात जोडले. "फौजदारसाहेब, खरं सांगतो. ही दारू आहे. बोरांची. मी प्यायला केली."

फौजदारांचा चेहरा कोवळा झाला. "नाना, साथीदारांना वाचवायला माणूस काय काय करतो ते मी पाहिलंय. पण स्वतःच्या चारित्र्यावर असा डाग? तुम्ही? मद्यपाननिषेधाचे अध्यक्ष?"

"चाखून बघा!"

पंचनाम्यासाठी चाखणे आवश्यकच ठरले. रुपचंद वकील एव्हाना जोडे न्यायला परत आले होते. त्यांना पंच केले गेले. त्यांनी घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि मत बनवण्यासाठी आणखी एक घोट घेतला. फौजदारांनी घेतला. शिपायांचीही मते घ्यावीत असे ठरले. पंचनामा पुष्कळ लांबला आणि शेवटी शेवटी त्यात गाणे झाले. तो आटोपला तेव्हा भरलेल्या दोनच बाटल्या उरल्या होत्या आणि निष्कर्ष असा निघाला होता, की सदरहू द्रव घातक असून चव गोड ठेवण्यात कट करणाऱ्यांचा धूर्तपणा दिसतो.

नानांना कोठडीत घातले, आणि तिथून त्यांनी आपल्या खात्याला बोलावणे धाडले. त्यांच्या जागी आलेले आबकारी इन्स्पेक्टर प्रधान हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. कोठडीच्या गजांशी उभे राहून नाना त्यांना म्हणाले, "प्रधान, ही दारू आहे असं एक वाक्य सांगा. दंड होईल, पेन्शन जाईल, पण जीव वाचेल."

प्रधानांच्या डोळ्यांत पाणी आले. "नाना, तुम्ही आम्हाला गुरूच्या जागी. पण आबकारीच्या इन्स्पेक्टरच्या घरात दारू सापडली असं मी सांगितलं, तर खात्याची अब्रू काय राहील? खात्यात आजवर असं घडलेलं नाही. तेव्हा हेही घडलेलं नाही." आणि त्यांनी हा पदार्थ आबकारीच्या व्याख्येत बसत नसल्याचे फौजदारांना कळवून टाकले. दारू नाही, तर मग दुसरे काय असणार?

नानांना न्यायाधीशांपुढे नेले, त्या दिवशी त्यांच्या आधी बेबाबाई नावाच्या एका भिल्ल बाईचा खटला होता. साक्रीकडल्या तिच्या झोपडीत मोहाचे मडके सापडले होते. ते मडके टेबलावर होते. त्याच टेबलावर नानांच्या बाटल्या होत्या. नानांना बसायला खुर्ची दिली होती. बेबाबाई उभी होती.

"दारू का?" न्यायाधीशांनी विचारले.

"हाव साहेब."

शिक्षा झाली. मग नानांचा पुकारा झाला. नाना उठून म्हणाले, "हुजूर, माझंही तेच आहे. त्या मडक्यात जे आहे तेच माझ्या बाटलीत आहे."

न्यायाधीश विचारी गृहस्थ होते. "ते मडके फुटले काय?" त्यांनी विचारले.

"नाही हुजूर," प्रधान म्हणाले.

"आणि आरोपीची बरणी?"

"फुटली," फौजदार म्हणाले, "मोठ्यानं."

"मग दोन्ही एक कसे? न फुटेल ते मद्य. फुटले ते स्फोटक. नमुना मुंबईला रासायनिक परीक्षकांकडे पाठवा."

शिपाई बेबाबाईला घेऊन निघाला. ती दाराशी थबकली, नानांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. "साहेब, मनं बी फुटतं तं माले खुर्ची भेटती का?"

नानांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला, तोवर तिला बाहेर नेले होते.

एक बाटली पेंढ्यात गुंडाळून, लाखेच्या मोहरा ठोकून मुंबईला रवाना झाली. फाल्गुन संपत आला होता आणि खानदेशचे ऊन काय असते याचा रासायनिक परीक्षकांच्या कचेरीला अनुभव नसावा. चाळीसगावी गाडी बदलताना पार्सल फलाटावर उन्हात राहिले आणि तिथेच फुटले. जखमी कुणी झाले नाही; एक हमाल भिजला आणि दिवसभर खुशीत होता. परंतु धुळे पश्चिम खानदेशात, आणि चाळीसगाव पडते जळगावच्या पूर्व खानदेशात. तेव्हा जळगावच्या पोलिसांनी आपला स्वतंत्र गुन्हा नोंदवला. धुळ्याच्या एका घरातला स्फोट आता दोन जिल्ह्यांत पसरलेला कट झाला.

नानांवर प्रथम हक्क कुणाचा, यावरून दोन्ही जिल्ह्यांत पत्रापत्री सुरू झाली. धुळे म्हणे बॉम्ब आमचा, जळगाव म्हणे स्टेशन आमचे. उरलेली बाटली जळगावने पुराव्यादाखल मागून घेतली, आणि नानांनाही. नानांना बेड्या घालून जळगावी नेत, तिथून परत आणीत, पुन्हा नेत. प्रत्येक फेरीला स्टेशनवर माणसे वाढू लागली. कुणी खिडकीतून केळी दिली. कुणी पाया पडले. पारोळ्याच्या एका म्हाताऱ्याने नानांचा हात आपल्या डोळ्यांना लावला. "बोरांची दारू होती हो बाबा," नाना कळवळून म्हणाले. म्हातारा शेजारच्या शिपायाकडे पाहून समजूतदारपणे हसला. "बराबर शे नाना. शिपाईना देखता आसंच सांगनं पडस."

शेवटी जळगावच्या कचेरीतली बाटली तपासाअंती रिकामी आढळली. ती कशी रिकामी झाली, याचा तपास ज्यांच्याकडे दिला त्यांनी अतिशय प्रसन्न मुद्रेने तो लांबवला. पुरावा नाही म्हणून नाना सुटले.

स्टेशनबाहेर ढोल होते. गळ्यात एवढे हार पडले की नानांना समोरचे दिसेना. ते पुन्हा एकदा "दारू" म्हणायला गेले, पण तोंडात झेंडूची पाकळी गेली. आणि खरे सांगायचे, तर ती पाकळी थुंकून झाल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. सगळी हयात लोक त्यांना पाहून मडकी लपवीत आले होते. आपल्याला पाहून लोक पुढे येतात, हा अनुभव नवा होता, आणि चढणारा होता. त्यापुढे सायडर पाणचट.

वर्षे गेली. नानांना लग्नात पहिल्या पंगतीत बसवीत. स्फोटाची हकीकत ते स्वतः सांगत नसत. लोक सांगत आणि नाना नुसते खाली पाहत. बूच बादशहांच्या नाकावर नेम धरून मारले होते असे प्रथम ठरले. पुढे ते खुद्द कलेक्टरच्या नाकावर लागले. भिकुबाई तेवढ्या कुणाला काही सांगत नसत. लोणचे त्या पत्र्याच्या डब्यात घालीत, आणि ते दरवर्षी नासे.

सत्तेचाळीस साली स्वातंत्र्य आले आणि नानांच्या सत्काराची सभा ठरली. त्याच सभेत तालुक्याच्या दारूबंदी मोहिमेचा आरंभ स्फोटवीर अभिमननानांच्या हस्ते व्हायचा होता. व्यासपीठावर पूर्वीचे तोताराम फौजदार होते, आता खादीत. प्रधान होते. अध्यक्षस्थानी रुपचंद वकील. आरंभ कसा करायचा, तर मधोमध तिपाईवर एक मडके ठेवले होते, सकाळीच नदीकाठच्या कुणा बाईकडून पकडलेले. नानांच्या हाती काठी दिली. लोक श्वास रोखून बसले.

नाना पुढे झाले. मडक्यातून वास आला. ते थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांनी काठी खाली ठेवली आणि सभेकडे तोंड केले.

"मंडळी," ते म्हणाले, "ह्या मडक्यात जे आहे, तेच माझ्या बरणीत होतं. मी बॉम्ब केला नाही. मी दारू केली होती. बोरांची. मला प्यायची होती. नळीत साल अडकलं म्हणून फुटली. ही मागं बसलेली फौजदार-वकील मंडळी ती प्यायली आहेत, त्यांना विचारा. ज्या गुन्ह्यासाठी मी बायाबापड्यांना तुरुंगात धाडलं, त्याच गुन्ह्यासाठी तुम्ही मला हार घालताय."

म्हातारे नाना रडत होते. मागल्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणाले, "खरं बोली राहना." शेजाऱ्यांनी त्याला गप्प केले.

रुपचंद वकील उठले. जे ऐकले त्यात पंचनाम्याचे त्यांचे घोटही आले होते. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आपला मान आपल्या हातांनी पुसून टाकणारा, हीन-दीनांचा कलंक स्वतःच्या माथी घेणारा असा विनय मी जन्मात पाहिला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना दोन्ही हात हलवून "नाही, नाही" म्हणत होते. त्याला आणखी टाळ्या पडल्या. बँड सुरू झाला. त्या गोंगाटात वकिलांनीच काठी उचलली आणि मडके फोडले.

नाना घरी आले. भिकुबाई दारातच उभ्या होत्या.

"सांगं का?" त्यांनी विचारले.

"सांगितलं."

"मंग?"

"टाळ्या वाजवल्या."

भिकुबाईंनी त्यांच्या गळ्यातला हार काढून घेतला आणि जेवायला पाट मांडला.

वाचकहो, आता सारी हकीकत तुम्हाला कळली आहे, आणि तुम्ही शहाणे आहात. आम्हा धुळेकरांसारखे तुम्ही फसला नसता. तेव्हा कधी धुळ्याला या. चार माणसांत उभे राहा आणि ती बोरांची दारू होती असे ठणकावून सांगा. मुळीच घाबरू नका. आम्ही तुमच्यासाठीही टाळ्या वाजवू.